बारमाही टायर आणि ग्वाल्हेरचे ऋतू

एखाद्या एसयूव्हीच्या टायरवर २३५/६५ आर १७ असं छापलेलं असतं. एवढ्यावरून त्याचा व्यास काढता येतो: सुमारे ७४ सेंटीमीटर. परीघ २.३ मीटर. गाडी ताशी ८० किलोमीटरने धावत असेल, तर तो सेकंदाला साधारण साडेनऊ फेरे घेतो. आता समजा, त्याच्या परिघावर रबराचे अगदी सारखे ७० ठोकळे कोरले आहेत. मग सेकंदाला ६७० ठोकळे रस्त्यावर आपटतील, आणि सेकंदाला ६७० ठोके म्हणजे चक्क सूर! पेटीवरच्या पांढरी तीनच्या जवळचा, तोही वरच्या सप्तकातला, आणि गाडी थांबेपर्यंत न थांबणारा.

ग्वाल्हेर घराण्याच्या गावातल्या माणसालाही असा एकच सूर तासन्‌तास सोसवणार नाही. म्हणून टायरचे आराखडे करणारे हा सूर मुद्दाम मोडतात. ते ठोकळे थोडे लहान, थोडे मोठे करतात आणि त्यांचा क्रमही अनियमित ठेवतात. आवाज मग एका स्वरावर न एकवटता अनेक स्वरांत पांगतो आणि कानाला नुसती सळसळ ऐकू येते. ‘टूरिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरची ही पहिली खूण. लांबच्या प्रवासात तो शांत चालावा, धक्के पोटात घालावेत आणि पुष्कळ टिकावा, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते.

शांतता तुलनेने सोपी. खरी कसोटी लागते ती ‘ऑल-सीझन’, म्हणजे बारमाही, या दाव्यावर.

ही कसोटी कंपूत लावून पाहू. कंपू हा ग्वाल्हेरच्या लष्कर या वस्तीचा भाग. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये इथे पडली, ती उठलीच नाही. तिचं शहर झालं आणि मराठी घरं इथलीच झाली. कंपूतलं एखादं कुटुंब गाडीने महाराष्ट्रात यायला निघालं, की जुना आग्रा-मुंबई रस्ता त्याला शिवपुरी, गुणा, इंदूर, धुळे, नाशिक करत कसारा घाटात आणून सोडतो. ग्वाल्हेरला जानेवारीच्या पहाटे धुकं असतं आणि पारा पाच अंशांच्या आसपास जातो. मे महिन्यात तो ४५ ओलांडतो आणि दुपारचं डांबर साठीच्या पुढे तापतं. जुलैत घाटातून पाणी वाहत असतं. बारा महिने असे आहेत. त्यांत बर्फ मात्र कुठेच नाही.

आणि बारमाही टायरचा जन्म झाला तो बर्फासाठी. अमेरिकेत गुडइयरने १९७७ मध्ये ‘टिएम्पो’ हा रेडियल टायर आणला. हिवाळ्याचे टायर वेगळे आणि उन्हाळ्याचे वेगळे ठेवण्याची कटकट संपवणं, हा त्यामागचा हेतू. पुढे १९९९ पासून तीन शिखरं आणि हिमकण असलेलं चिन्ह आलं. दाबलेल्या बर्फावर ठरावीक संदर्भ-टायरपेक्षा निदान दहा टक्के जास्त पकड दाखवली, तरच ते मिळतं. नुसत्या ‘एम+एस’ (मड आणि स्नो) अक्षरांना मात्र अशी परीक्षा द्यावी लागत नाही. ती नक्षीच्या रचनेवरूनच दिली जातात.

बर्फावर चालणारं रबर आणि तापल्या डांबरावर टिकणारं रबर वेगळं का असावं लागतं, हे समजायला मुरैन्याची गजक आठवावी. गूळ पाकात असताना ओढला तर दोरीसारखा लांबतो, थंड झाला की कडकन तुटतो. पदार्थ तोच, फक्त तापमान बदललं. रबराच्या लांबलचक साखळ्यांचंही असंच आहे. गारठ्यात त्या जागच्या जागी आखडतात, उष्णतेत सैल होऊन सळसळू लागतात.

यापुढची गोष्ट थक्क करणारी आहे. रबराला तापमान आणि वेग यांतला फरक जणू कळतच नाही! फार झपाट्याने ताणलेलं रबर थंड झाल्यासारखं वागतं. सावकाश ताणलेलं रबर गरम असल्यासारखं. विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तिघांनी १९५५ मध्ये या अदलाबदलीचं सूत्र मांडलं.

टायरचं सगळं कोडं या सूत्रात सापडतं. गाडी चालताना टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला दहाएक वेळा दबतो आणि सुटतो. ही संथ हालचाल. तिच्यात रबराने घेतलेली ऊर्जा पूर्ण परत करावी, नाहीतर तिची उष्णता होते आणि डिझेल वाया जातं. पण ब्रेक दाबल्यावर तेच रबर रस्त्यातल्या खडीच्या बारीक कंगोऱ्यांवरून घासतं, तेव्हा त्याच्या पृष्ठभागाला सेकंदाला हजारो, लाखो हिसके बसतात. तिथे रबराने ऊर्जा गिळावी, परत देऊ नये; ओल्या रस्त्यावरची पकड मुख्यतः यातूनच येते. म्हणजे एकाच रबराने एकाच क्षणी उदारही व्हायचं आणि चिक्कूही. प्रयोगशाळेत यासाठी गाडी लागत नाही. रबराचा छोटा तुकडा ६० अंशांना हलवून इंधनाचा अंदाज घेतात आणि शून्य अंशाला हलवून ओल्या पकडीचा. थंडी इथे वेगाची जागा घेते.

काजळीच्या जागी सिलिका वापरून मिशेलिनने १९९२ मध्ये या दोन मागण्या पूर्वीपेक्षा बऱ्याच जवळ आणल्या. तरी टिकाऊपणा, ओली पकड आणि इंधनबचत या तिन्हींची ओढाताण संपलेली नाही. एकीला झुकतं माप दिलं की बाकीच्यांपैकी कुणीतरी कुरकुरतंच.

त्यात बर्फाची चौथी मागणी आली की किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते. सात अंशांखालीही लवचीक राहावं म्हणून केलेलं रबर कंपूच्या मे महिन्यात गरजेपेक्षा मऊ पडतं आणि लवकर झिजतं. बर्फ पकडण्यासाठी ठोकळ्यांवर दिलेल्या बारीक चिरा तापल्या रस्त्यावर ठोकळ्यांना डुलायला लावतात. त्यावर उपाय म्हणून चिरांच्या आतल्या भिंती नागमोडी करतात, म्हणजे दाब आला की त्या एकमेकींत अडकून आधार देतात. एसयूव्ही उंच आणि जड असल्याने वळणावर हा आधार विशेष जाणवतो.

पाण्याचा हिशेबही असाच चकित करतो. दोन टनांच्या गाडीच्या एका चाकावर ५०० किलो भार आला आणि हवा ३५ पीएसआय असली, तर टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम १४ सेंटीमीटर लांबीरुंदीच्या तुकड्यावर. ताशी ८० किलोमीटरला हा तुकडा एका जागेवरून सहा सहस्रांश सेकंदात निघून जातो. रस्त्यावर एक मिलिमीटर पाणी असेल, तर प्रत्येक टायरला सेकंदाला सुमारे तीन लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. नक्षीच्या खोबणी असतात त्या यासाठी. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरवरून एक ठोकताळा काढला: हवेच्या दाबाच्या वर्गमुळाला नऊने गुणलं, की चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. ३५ पीएसआयला तो ताशी ९९ किलोमीटर येतो, २५ पीएसआयला ८३. मोटारीच्या टायरला हा आकडा तंतोतंत लागू पडत नाही, पण धडा पडतो: हवा कमी म्हणजे धोका लवकर.

हवेचा दाब ऋतूंबरोबरही बदलतो. जानेवारीच्या पहाटे पाच अंशांना ३५ पीएसआय भरलेला टायर ४५ अंशांच्या दुपारी, गाडी हललेली नसतानाही, ४२ दाखवेल. म्हणून हवा नेहमी टायर थंड असताना मोजायची.

या सगळ्याची परीक्षा भारतात कशी होते? पुण्याच्या एआरएआय या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या एआयएस-१४२ या मानकात टायर लोळताना होणारा विरोध, ओली पकड आणि आवाज अशा तीन कसोट्या आहेत. नव्या आराखड्यांना त्या १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाल्या, आधीच्या आराखड्यांना २०२३ मध्ये. बहुतेक एसयूव्हींचे टायर सी-१ वर्गात येतात, मालवाहू पिकअपचे सी-२ मध्ये. सी-२ टायर जास्त हवा आणि जास्त भार झेलण्यासाठी बांधलेले असतात. तेच रिकाम्या गाडीला लावले तर ती उडते आणि पकड ढिली होते. तेव्हा पिकअपच्या टायरचा निवाडा ती भरलेली असताना आणि रिकामी असताना, दोन्ही वेळा करावा लागतो.

ओल्या पकडीच्या चाचणीत मोटार एक मिलिमीटरच्या आसपास पाणी असलेल्या पट्टीवर ब्रेक लावते आणि ताशी ८० वरून २० वर येईपर्यंतची कामगिरी संदर्भ-टायरशी ताडून पाहतात. आवाजासाठी इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळत सोडतात. ध्वनिग्राहक मार्गिकेच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर असतो. तो मोजतो रस्त्याकडेला उभ्या माणसाचा त्रास. आत बसलेल्या आजीला झोप लागेल की नाही, हे त्या आकड्यात नसतं.

ग्वाल्हेरकरांना हे जग परकं नाही. मुरैन्याच्या वाटेवर बानमोरला जेके टायरचा कारखाना १९९१ पासून आहे, आणि इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची अतिवेगाची धावपट्टी जून २०२१ मध्ये खुली झाली.

झीज मोजणं सर्वांत कठीण, कारण ती अतिसूक्ष्म असते. नवी नक्षी आठ मिलिमीटर खोल धरू. कायद्याने मोटारीला किमान १.६ मिलिमीटर हवी. मधले ६.४ मिलिमीटर ५० हजार किलोमीटरमध्ये झिजले, तर टायरने तोवर सव्वादोन कोटींच्या आसपास फेरे घेतलेले असतात. भागाकार केला तर एका फेऱ्यात सरासरी ०.३ नॅनोमीटर जातं. रबराच्या एका साखळीची जाडीही याहून अधिक असते! अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळ ६४० किलोमीटरच्या फेऱ्यावर गाड्यांचे ताफे सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर चालवून ही झीज मोजतात. त्यावरून ‘ट्रेडवेअर’चा आकडा ठरतो. पण अंतिम आकडा कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे ४०० चा टायर २०० च्या दुप्पट चालेलच असं नाही. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो बरा.

मग कंपूतल्या गिऱ्हाइकाने काय पाहावं? मनालीच्या हिवाळ्यात गाडी न्यायची नसेल, तर हिमकणाच्या चिन्हासाठी जादा पैसे मोजू नयेत. ‘टेम्परेचर’ या शब्दापुढे ए, बी किंवा सी असतं, तिथे ए असावं. वेगाने धावताना टायर स्वतःची उष्णता किती सोसतो, हे ते अक्षर सांगतं. भारांक पाहावा, १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो. शेवटचे चार आकडे पाहावेत; २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा, आणि रबर दुकानात पडूनही म्हातारं होतं. कुणी एखाद्या टायरची तारीफ केली तर त्याला तीन प्रश्न विचारावेत: रस्ता किती तापलेला होता, पाणी किती होतं आणि गाडी किती भरलेली होती? ओल्या पकडीच्या चाचणीत साध्या टायरसाठी पट्टीचं तापमान ५ ते ३५ अंशांत ठेवतात. ग्वाल्हेरची मे महिन्यातली दुपार त्या चौकटीत बसत नाही. तिचा निकाल कुठल्याच लेबलवर छापलेला नसतो. तो खोली मोजायच्या साध्या पट्टीने, दर दहा हजार किलोमीटरला, आपला आपणच लिहून ठेवायचा असतो.