संध्याकाळी सहा वाजता मोठं होणारं चॅनल

सन २००२, एप्रिल महिना. अमेरिकेतल्या एखाद्या घरात 'नॉगिन' चॅनल लागलेलं आहे. दिवसभर त्यावर बालवाडीच्या वयाच्या मुलांचं राज्य. 'ब्लूज क्लूज'मधली निळी कुत्री पंजाचे ठसे सोडत हिंडते आणि घरातलं तीन वर्षांचं पोर टीव्हीला मोठमोठ्यानं उत्तरं देतं. संध्याकाळचे सहा वाजतात आणि चॅनलची पाटीच बदलते. नवं नाव 'द एन'. आता कॅनडातल्या 'डिग्रासी' शाळेतल्या पोरांच्या भानगडी सुरू: कुणाचं प्रेम जमतंय, कुणाचं घर मोडतंय, कुणी इंटरनेटवर ओळख झालेल्या माणसाला एकटीच भेटायला निघाली आहे. सकाळी सहाला निळी कुत्री पुन्हा हजर.

आपल्याकडे एकाच गाळ्यात सकाळी पोळी-भाजी केंद्र आणि संध्याकाळी चायनीज चालतं, तसाच हा प्रकार. गाळा एक, भाडं एक, गिऱ्हाईक निराळं. मुलांच्या वाहिन्या थोराड मुलांकडे कशा सरकत गेल्या, हे समजून घ्यायचं तर हा गाळा नीट बघावा. एरवी वीस वर्षांत झालेला बदल इथे रोज सहाच्या ठोक्याला दिसत होता.

पालेभाजीचं चॅनल

'नॉगिन'ची मोठी बहीण म्हणजे 'निकलोडियन'. १९७९ साली ती सुरू झाली तेव्हा 'पिनव्हील' हा बाहुल्यांचा कार्यक्रम तासन्‌तास चाले, जाहिराती नसत. केबलवाल्यांना ती पालकांसमोर मिरवायला बरी वाटे. मुलांना मात्र ती ताटातल्या पालेभाजीसारखी वाटायची आणि अमेरिकेत तिची चेष्टाही 'हिरव्या भाजीचं चॅनल' अशीच व्हायची. १९८४ मध्ये जेराल्डिन लेबोर्न यांच्याकडे सूत्रं आली. मुलांचं भलं करण्यापेक्षा मुलांची बाजू घ्यायची, असा पवित्रा चॅनलनं घेतला. कुणाच्याही डोक्यावर ओतला जाणारा हिरवा बुळबुळीत रबडा ही त्याची खूण झाली. हिरव्या भाजीची जागा हिरव्या रबड्यानं घेतली, एवढ्यात सगळं आलं. १९८५ पासून रात्री तेच चॅनल 'निक ॲट नाइट' या नावानं मोठ्यांना जुन्या विनोदी मालिका दाखवू लागलं. वेळेनुसार पाटी बदलायची युक्ती तिथली.

डिस्नेनंही तेच केलं, जरा उशिरा. १९८३ मध्ये सुरू झालेलं डिस्ने चॅनल आधी वेगळे पैसे मोजून घ्यावं लागे आणि साऱ्या कुटुंबासाठी असे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यानं दिवसाचे तुकडे पाडले: सकाळी छोट्यांसाठी 'प्लेहाउस डिस्ने', दुपारनंतर शाळकरी मुलांसाठी 'झूग डिस्ने', रात्री आजी-आजोबांच्या काळातलं 'व्हॉल्ट डिस्ने'. २००२ मध्ये रात्रीचा जुना ठेवा गुंडाळला गेला. मधल्या वयाच्या मुलांनी घर ताब्यात घेतलं होतं.

ते घेतलं कुणी, तर २००१ मध्ये आलेल्या 'लिझी मॅग्वायर'नं. लिझी तेरा वर्षांची. वर्गात तिची फजिती होते तेव्हा ती गप्प बसते, पण पडद्यावर तिचंच एक कार्टून रूप उगवतं आणि मनातलं सगळं बोलून टाकतं. कार्टूनवर वाढलेल्या मुलीला कार्टून न सोडता मोठ्यांच्या जगात नेणारा हा पूल होता.

नायकाचं वय, प्रेक्षकाचं वय

इथेच धंद्यातली मूळ मेख आहे. मूल नेहमी वरच्या वर्गाकडे बघतं. तिसरीतल्या मुलाला पहिलीतल्या नायकाची गोष्ट 'बाळांची' वाटते, पण सातवीतल्या नायकाची गोष्ट चोरूनही बघावीशी वाटते. म्हणून गोष्ट तेरा वर्षांच्या मुलीची आणि ती बघणारी आठ-नऊ वर्षांची, हे गणित बसलं. पडद्यावरची पोरं वयानं वाढली, याचा अर्थ बघणारी पोरं तेवढी वाढली असा नाही.

दुसरं कारण कायद्यातलं. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींना लगाम घातला: शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटं, इतर दिवशी बारा. पण ही मर्यादा बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केलेल्या कार्यक्रमांना. तेरा वर्षांच्या प्रेक्षकासाठी मालिका केली की लगाम सुटला. शिवाय त्या वयाच्या मुलाच्या खिशात थोडे पैसे असतात आणि बुटांपासून गाण्यांपर्यंत स्वतःची आवडही असते.

डिस्ने चॅनल नेहमीच्या जाहिराती घेत नसे, तरी त्याचं गणित चुकलं नाही. २००६ च्या जानेवारीत 'हायस्कूल म्युझिकल' हा चित्रपट आला, मार्चमध्ये 'हॅना मोंटॅना' ही मालिका. त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेला अल्बम होता 'हायस्कूल म्युझिकल'ची गाणी. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये चित्रपटाचा दुसरा भाग पहिल्या रात्री सुमारे १ कोटी ७२ लाख लोकांनी पाहिला. पेन्सिलपेटीपासून चादरीपर्यंत काय विकायचं, हे मग कुणाला शिकवावं लागलं नाही.

पाटी बदलली, तरी नाव चिकटलेलंच

गाळा एक असण्याची अडचणही होती. 'डिग्रासी'त एका मुलीच्या गर्भपाताचा भाग २००४ मध्ये कॅनडात दाखवला गेला. 'द एन'नं तो अमेरिकेत अडवून धरला आणि २००६ मध्ये दाखवला. किशोरांना खरं जग दाखवू म्हणणाऱ्या चॅनलला आपण सकाळी कुणासमोर गाणी म्हणतो, याचा विसर पडू शकत नव्हता. शेवटी २००७ च्या अखेरीस दोघांना वेगवेगळी चॅनलं मिळाली आणि २००९ च्या सप्टेंबरमध्ये 'नॉगिन' हे नाव जाऊन 'निक ज्युनियर' आलं आणि 'द एन'चं 'टीननिक' झालं. छोट्यांची वेगळी खोली, मोठ्यांची वेगळी.

आपल्या घरात एकच रिमोट

आपल्याकडेही हा प्रयोग झाला. यूटीव्हीनं २००४ मध्ये मुलांचं 'हंगामा' काढलं, २००६ मध्ये ते डिस्नेला विकलं आणि पुढच्याच वर्षी तरुणांसाठी 'बिंदास' सुरू केलं. डिस्नेनं आपल्या अमेरिकी मालिकांचे हिंदी अवतार आणले, २०११ मध्ये 'बेस्ट ऑफ लक निक्की', २०१२ मध्ये करण-कबीरची जोडी. पण पोरांनी डोक्यावर घेतलं ते 'छोटा भीम'ला आणि शिनचॅनला. शिनचॅन तर जेमतेम पाच वर्षांचा. वरच्या वर्गाचा नियम त्यानं मोडला तरी चाललं, कारण बोलणं त्याचं थोरांना टोमणे मारणारं.

किशोरांच्या मालिका इथे फार का रुजल्या नाहीत? अमेरिकेत बऱ्याच मुलांच्या खोलीत वेगळा टीव्ही होता. आपल्याकडे बहुतेक घरांत एकच, आणि रात्री आठनंतर रिमोट आई-आजीच्या हातात. नववीतली मुलगी मग त्यांच्याबरोबर सासू-सुनेची भांडणं बघायची. झी मराठीवर 'लिटल चॅम्प्स' गाजलं तेही याच कारणानं: गाणारी मुलं, पण बघणारं अख्खं घर.

गंमत अशी की या मधल्या वयासाठी मराठीत शब्द आधीपासून आहे, आणि त्या नावाचं मासिकही. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय. छापील पानावर जी जागा आपण पन्नास वर्षांपूर्वी आखून दिली, ती पडद्यावर मात्र रिकामीच राहिली. आता ती फोननं भरली आहे.

फोनवर सहाचा ठोका पडत नाही. कुणी पाटी बदलत नाही आणि एखादा भाग दोन वर्षं अडवूनही धरत नाही. म्हणून घरातलं मूल काय बघतंय हे विचारताना एक प्रश्न आणखी विचारा: त्यातल्या मुलाचं वय किती? उत्तर तुमच्या मुलाच्या वयापेक्षा तीन-चारनं जास्त आलं तर दचकू नका, मुलं नेहमीच वर बघतात. फरक आठ-दहाचा निघाला, तर मात्र शेजारी बसून एक भाग तुम्हीही बघा.