पिपरीतले मामा, पिंपरीतली मर्सिडीज

कानात इअरफोन आहेत ना? आजचा एपिसोड माझ्या मामांमुळे.

मामा राहतात पिपरी मेघेला. नुकतेच रिटायर झाले, हातात थोडे पैसे आले. मागच्या महिन्यात फोन, "जुनी मर्सिडीज मिळून राहिली बे. ई 220, 1995 ची. नव्या हॅचबॅकपेक्षा स्वस्त. घेऊन टाकू का?"

मी कोड लिहिणारा माणूस. म्हटलं, "मामा, थांबा. आधी डॉक्युमेंटेशन वाचू."

तर ही गाडी म्हणजे डब्ल्यू 124. जर्मनीत 1984 ला आली. भारतात 1995 पासून ती पुण्यात, टेल्कोच्या आवारात बनायला लागली. म्हणजे आपल्या पिपरीत नाही, पिंपरीत! भारतात बनलेली ही पहिली मर्सिडीज कार.

ई 220 मध्ये 2,199 सीसीचं चार सिलिंडर पेट्रोल इंजिन, ताकद 150 पीएस. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांचं सस्पेन्शन, त्यामुळे खड्ड्यातही गाडी सरळ राहते. समोर एकच वायपर, तो आत-बाहेर सरकत जवळपास पूर्ण काच पुसतो.

हिचाच पैलवान भाऊ म्हणजे 500 ई. 1990 साली आला. 5 लिटरचं व्ही 8, 326 पीएस. चाकांवरची रुंद कमान मर्सिडीजच्या नेहमीच्या लाइनवर बसेना, म्हणून बरंचसं काम पोर्शच्या कारखान्यात व्हायचं. दिसायला साधी सेडान, पळायला स्पोर्ट्स कार.

आता बग लिस्ट. जुनी डब्ल्यू 124 बघायला गेलात तर हे तपासाच.

एक, इंजिनचं वायरिंग. साधारण 1992 ते 1995 च्या अनेक गाड्यांत तारांवरचं आवरण पर्यावरणपूरक मटेरियलचं होतं. इंजिनच्या उष्णतेनं ते कडक होतं, तडकतं, गळून पडतं. मग तारा एकमेकींना लागतात, गाडी झटके देते, कधी कंप्युटरही जळतो. टेप गुंडाळणं हा इलाज नाही, पूर्ण हार्नेस बदलावा लागतो. इंजिन बंद करून कनेक्टरजवळची तार हलकेच वाकवून बघा.

दोन, हेड गॅस्केट. ऑइल झिरपतंय का, कूलंट आपोआप कमी होतंय का, बघा. वर्ध्याचा मे महिना माहीत आहे ना? एसी लावून गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि काट्यावर नजर ठेवा. काटा चढतच गेला तर पंख्याच्या क्लचवर किंवा रेडिएटरवर संशय घ्या.

तीन, एसीचा इव्हॅपोरेटर. पार्ट छोटा, पण तो काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून "फक्त गॅस भरायचा आहे" या वाक्यावर कधीच विश्वास ठेवू नका.

चार, पुढचे बॉल जॉइंट आणि मागचे बुश. स्पीडब्रेकरवर खटखट आवाज आला की समजा.

पाच, गंज. जॅक लावायच्या जागा प्लास्टिकच्या पट्ट्यांमागे लपलेल्या असतात. टॉर्च न्या.

आणि कागद! पंधरा वर्षं झाल्यावर आरसी नूतनीकरण लागतं, तेही फिटनेस तपासून, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा. ते संपलेलं असेल तर स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही.

रविवारी आम्ही गाडी बघायला गेलो. दार बंद केलं तसा तो 'धप्प' आवाज आला आणि मामांचे डोळे चमकले. खरं सांगतो, माझेही. पण वायरिंग कधी बदललं, याचं एकही बिल मालकाकडे नव्हतं. आरसीवर तर तो बोलेचना.

परत येताना मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गाडी वाईट नव्हती बे. पण माझे पैसे एकदाच रिटायर होतात."

मंडळी, जुनी गाडी जरूर घ्या. फक्त किंमत विचारायच्या आधी बिलं मागा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!