प्रत्येक जळजळ म्हणजे पित्त नव्हे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बाजारपेठेतले एक किराणा दुकानदार सकाळी सातलाच दवाखान्यात आले. वय बावन्न. ‘‘डॉक्टर, पित्तानं रात्रभर झोप नाही. दोनदा सोडा घेतला, थंड दूध प्यायलो, बोटं घालून उलटी काढली. एखादं इंजेक्शन द्या, दुकान उघडायचंय.’’ त्यांचा शर्ट घामाने भिजला होता. मी इंजेक्शन न देता आधी कार्डिओग्राम काढला. त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. ॲस्पिरिनची गोळी चावून खायला देऊन त्यांना तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. ते वाचले, पण रात्रीचे मोलाचे तास हातचे गेले होते. हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा निकामी झाला.

चूक त्यांची एकट्याची नाही. ‘पित्त’ हा शब्द आपण सगळेच फार सैल वापरतो. डोक्याची एक बाजू ठणकून उलटी झाली की पित्त. ती बहुधा अर्धशिशी असते. अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या की पित्त. तो पुष्कळदा ॲलर्जीचा प्रकार असतो. छातीत जळजळले की तेही पित्तच! आजार तीन, आणि दुकानातून आणलेली गोळी मात्र एक. आज यांपैकी छातीतल्या जळजळीविषयी लिहितो.

जळजळ का होते?

अन्न पचवण्यासाठी जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. जठराच्या आतून बुळबुळीत अस्तर असल्याने हे तीव्र आम्ल त्याला सोसते. अन्ननलिकेला तसे अस्तर नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंचे एक कडे असते. बटव्याच्या नाडीप्रमाणे ते आवळलेले असते, घास उतरताना तेवढे सैल होते. हे कडे नको तेव्हा सैल पडले किंवा पोटातला दाब वाढला की आम्ल वर चढते. मग उरोस्थीमागे आग होते, घशाशी आंबट येते. म्हणजे बहुतेकांच्या पोटात आम्ल जास्त झालेले नसते. ते भलत्या जागी गेलेले असते. हे लक्षात आले की पथ्यामागचे कारणही कळते.

तेलकट-तुपकट खाणे, तंबाखू, विडी-सिगारेट, दारू यांनी हे कडे सैल पडते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पडते. पण म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. सुटलेले पोट, घट्ट पट्टा किंवा परकराची करकचून बांधलेली नाडी, आणि गच्च भरलेले जठर यांनी दाब वाढतो. गरोदरपणात दोन्ही कारणे एकत्र येतात.

घरी काय करावे?

आपल्याकडे दुकान बंद करून रात्री दहाला जेवायचे आणि साडेदहाला आडवे व्हायचे, अशी अनेकांची रीत आहे. जळजळीचे हे सर्वांत मोठे कारण मी पाहतो. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर हवे. ते जमत नसेल तर मोठे जेवण दुपारी करावे आणि रात्री थोडी मऊ खिचडी किंवा भाकरी-भाजी खाऊन उठावे.

रात्री त्रास होत असेल तर खाटेच्या उशाकडील पायांखाली सहा इंचांचे ठोकळे द्यावेत. जमिनीवर झोपणाऱ्यांनी गादीखाली कमरेपासून वर घड्या घालून उतार करावा. नुसत्या दोन उशा घेतल्याने मान वाकते व पोट दाबले जाते. डाव्या कुशीवर झोपावे. त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या खाली राहते.

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असा उपवास करणाऱ्यांनाही सांगणे आहे. सकाळपासून नुसता चहा आणि मग तुपातली साबुदाणा खिचडी, हे जळजळीला आमंत्रणच आहे. मात्र सगळ्यांनी सगळे सोडण्याची गरज नाही. ज्याला जे बाधते ते त्याने टाळावे. वजन जास्त असेल तर ते चार-पाच किलोंनी उतरले तरी फरक जाणवतो.

दुधाने थोडा वेळ बरे वाटते, पण नंतर जठर पुन्हा आम्ल सोडते. खाण्याच्या सोड्यात सोडियम असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी त्याची सवय लावून घेऊ नये.

गोळ्यांचे तारतम्य

अँटासिडचे पातळ औषध तात्पुरता आराम देते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या आम्लाची निर्मितीच कमी करतात. त्या सकाळी न्याहारीआधी अर्धा तास घ्यायच्या असतात, मिसळ खाऊन झाल्यावर नव्हे. साधारणपणे चार ते आठ आठवडे पुरतात. काहींना जास्त दिवस लागतात, पण ते डॉक्टरांनी ठरवावे. वर्षानुवर्षे आपल्या मनाने घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी होऊ शकते. बऱ्याच दिवसांची गोळी एकदम सोडली तर जळजळ उसळून येते, म्हणून ती सल्ल्याने कमी करत न्यावी. गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळी घेत असाल तर तेही सांगा. तिने जठराला व्रण होतो.

केव्हा थांबू नये?

घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच जळजळ सुरू होऊन ती टिकणे. यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय पुरे. दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी लागते.

आणि छातीवर दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, घाम, धाप असे काही असेल तर १०८ ला फोन करा. मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात ही लक्षणे अस्पष्टही असतात. सोड्याने ढेकर येऊन बरे वाटले, म्हणून हृदय ठीक आहे असे ठरत नाही.

ते दुकानदार आता तपासणीला नियमित येतात. मागे एकदा सहज म्हणाले, ‘‘त्याआधी चार दिवस माळ्याचा जिना चढताना जळजळायचं, बसलं की थांबायचं. मला वाटलं, पित्तच.’’ जेवणानंतर किंवा आडवे पडल्यावर होणारी जळजळ बहुधा आम्लाची असते. चालताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी हृदयाची असू शकते. म्हणून डॉक्टरांकडे गोळी मागण्याआधी तीन गोष्टी सांगा : जळजळ केव्हा होते, कशाने वाढते आणि कशाने थांबते. ‘पित्त झालंय’ हा निष्कर्ष आम्हाला काढू द्या.