माग आणि जोडीदार

आमचें छत्रपती संभाजीनगर आज वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांनीं गजबजलें आहे. परंतु यंत्राची वा वस्त्राची आकृति प्रथम रेखाटणारा कलावंत येथें एकाकीच. गुणदोष सांगणारा समव्यवसायी न लाभल्यानें माझे कितीतरी हुशार विद्यार्थी पुण्यास निघून गेले.

पूर्वीं हिमरूच्या मागावर विणकर खालीं बसे, तर जोडीदार वर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढी. ताणा सुती, बाणा रेशमी. पण वेलबुट्टी उमटे ती दोघांच्या मेळानें.

शासकीय कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, कारखान्यांतील आरेखक आणि उरलेसुरले विणकर यांनीं महिन्यांतून एकदां एकत्र बसावें, आपलें अपुरें काम निःसंकोच दाखवावें. सुज्ञ वाचकहो, त्यासाठीं सभागृह नको; आपण घरची ओसरी एका सायंकाळीं मोकळी करून दिलीत, तरी पुरे.