जुन्या कपाटांना नवा रंग

दसरा-दिवाळी जवळ आली की गोडादऱ्यात घरोघरी साफसफाई सुरू होते. तेव्हा ओट्याखालची पॉलिश केलेली लाकडी कपाटे फोडणीच्या धुराने आणि तेलकट हातांनी काळवंडलेली दिसतात. "रंगाचा एक हात मारून टाकू," असे आपण म्हणतो. पण काही दिवसांत रंगाचे पोपडे निघतात किंवा पांढऱ्या रंगातून तपकिरी डाग वर येतात. बहुधा दोष रंगाचा नसतो, तयारीचा असतो.

प्रथम दारे बिजागऱ्यांसकट काढून त्यांवर क्रमांक घाला. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून तेलकटपणा पुसा. मग स्वच्छ पाण्याने पुसून दारे पूर्ण वाळू द्या. तेलावर कोणताही रंग धरत नाही. त्यानंतर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. सगळे पॉलिश काढायची गरज नाही. चकाकी गेली की पुरे. खरबरीत पृष्ठभागावर रंगाला पकड मिळते.

डाग का येतात? सागासारख्या लाकडातील रंगद्रव्ये आणि जुने रंगीत पॉलिश नव्या रंगात विरघळून वर येतात. त्यावर उपाय म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचा एक हात. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील लाखेच्या किड्यांपासून मिळणारी ही चपडी डाग आतच अडवते. ती वाळल्यावर वूड प्रायमर लावा, खाचांत लांबी भरा, २२० नंबरच्या पेपरने हलके घासा आणि धूळ पुसून ऑइल पेंटचे दोन पातळ हात द्या. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात अधिक टिकतात. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या. पावसाळ्यात सुरतची हवा दमट असते, म्हणून हे काम पाऊस ओसरल्यावर काढावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कपाटावर पूर्वीच जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते, आणि तिचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. म्हणून असा रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावे, तोंडाला मास्क लावावा, पडलेला चिखल ओल्या फडक्याने गोळा करावा. धान्य, पीठ आणि भांडी आधीच दुसऱ्या खोलीत हलवावीत. लहान मुले व गर्भवती माता यांनी त्या वेळी दूर राहावे.

विद्यार्थी मित्रांनो, घासण्याचे काम मोठ्यांवर सोडा. दारांवर क्रमांक घालणे आणि बिजागऱ्यांचे स्क्रू डबीत जपून ठेवणे ही कामे तुमची. शेवटी प्रत्येक दार आपापल्या जागी बसते ते त्यामुळेच!