चाल, आवड आणि सोबत : नवे संगीत शोधण्याच्या मार्गांचा विचार

१

मराठीत 'चाल' हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. माणसाची चालण्याची ढब ही चाल, समाजाची रूढी हीही चाल, आणि गाणे ज्या सुरावटीवर म्हटले जाते तीही चालच. तिन्ही अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे : आधी कोणीतरी पाडलेली वाट. नवे गाणे आपल्याला आपलेसे वाटते, तेव्हा ते बहुधा अशाच एखाद्या पायाखालच्या वाटेने आपल्यापर्यंत आलेले असते.

आपल्या आवडीला मानवेल, परंतु आपण अद्याप ऐकलेले नाही, असे संगीत कसे शोधावे हा प्रश्न वरवर पाहता केवळ रसिकाच्या सोयीचा वाटेल. तथापि भाषेच्या अभ्यासकाला त्यात दोन प्रश्न दडलेले दिसतात. 'आवड' ह्या एका शब्दाखाली आपण कोणकोणत्या गोष्टी एकत्र बांधतो, हा पहिला. आणि ज्या गाण्याला ठरीव नाव नाही ते शोधणाऱ्याला सापडावे कसे, हा दुसरा. प्रस्तुत लेखात ह्या दोहोंचा विचार वसई-विरार परिसर डोळ्यांसमोर ठेवून करावयाचा आहे. कारण येथे दुसरा प्रश्न केवळ तात्त्विक उरलेला नाही.

२

नवे संगीत शोधण्याची साधने मराठी समाजाला यंत्रयुगापूर्वीही होती. संगीत नाटकाच्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि पुष्कळदा ज्या गाण्याची चाल घेतली त्याचे आरंभीचे शब्द दिलेले असत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' (१८८०) व 'सौभद्र' (१८८२) ह्या नाटकांतील पदांना साकी, दिंडी, लावणी, अभंग, इतकेच नव्हे तर कानडी गाण्यांच्याही चाली आहेत. पुढे १९१६ साली 'स्वयंवर' नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालगायकीतील बंदिशींच्या आधारे चाली दिल्या आणि ख्यालाच्या बैठकीला कधी न बसलेल्या प्रेक्षकाच्या कानावर तिचे संस्कार झाले. पदावरची ती एक ओळ म्हणजे, आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर, शोधसूचीच होय. पद आवडले की राग कळे. राग कळला की त्या रागातील दुसरी चीज कोणाकडे ऐकावयास मिळेल हे विचारता येई.

रेडिओने ह्या शोधाला निराळे वळण दिले. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राचे दोन कार्यक्रम ह्या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. 'आपली आवड' ह्या कार्यक्रमात श्रोते पत्राने गाणे मागवीत आणि तेच गाणे त्यांना ऐकविले जाई. म्हणजे श्रोत्याला त्याची जुनी आवड परत मिळे. उलट 'भावसरगम' ह्या कार्यक्रमातून नवी भावगीते प्रथमच श्रोत्यांपुढे येत. एका कार्यक्रमाने आवड जपली, दुसऱ्याने ती वाढविली. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे केंद्रावरून वर्षभर प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'त दोन्ही गोष्टी साधल्या. कथा घराघरांत माहीत असलेली, कवी ग. दि. माडगूळकर व संगीतकार सुधीर फडके परिचयाचे. परंतु छप्पन्न गीतांना राग, ताल व गायक निरनिराळे. फडक्यांच्या आवाजासाठी रेडिओ लावणारा श्रोता वाटेत माणिक वर्मा व वसंतराव देशपांडे यांनाही भेटला. ओळखीच्या हाताला धरून अनोळखी प्रदेशात नेण्याचे इतके यशस्वी उदाहरण क्वचितच आढळेल.

विरारच्या लोकलगाडीतील भजनी मंडळे हाही ह्याच परंपरेतील एक मार्ग मानावयास हरकत नाही. विरार व मुंबई यांच्या दरम्यान गाडी सुरू झाली ती १८६७ साली. नोकरीसाठी रोज तासाहून अधिक प्रवास करणाऱ्यांनी डब्यात टाळ धरले, आणि ज्याने भजन ऐकण्याचे मनातही आणले नव्हते अशा सहप्रवाशाच्या कानी अभंग व गवळण पडू लागली. भजनात नाट्यपदांच्या व चित्रपटगीतांच्या चाली घेण्याची प्रथा असल्यामुळे कित्येकदा शब्द नवे व चाल जुनी, किंवा शब्द जुने व चाल नवी, असा योग जुळून येतो. श्रोत्याला एक टोक ठाऊक असते. त्याच्या आधारे तो दुसरे पकडतो.

३

आज हे काम मुख्यत्वे यंत्राकडे गेले आहे. भ्रमणध्वनीवरील संगीतसेवा 'तुम्हांस हेही आवडेल' असे सुचवितात, ते ढोबळमानाने दोन पद्धतींनी. एका पद्धतीत गाण्याच्या ध्वनीचे पृथक्करण करून लय, स्वर, वाद्ये इत्यादींचे साम्य पाहिले जाते. दुसऱ्या पद्धतीत गाण्याकडे न पाहता श्रोत्यांकडे पाहिले जाते : ज्यांनी हे गाणे ऐकले त्यांनी आणखी काय ऐकले? ही दुसरी पद्धत भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपरिचित वाटू नये. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून कळतो, हा विचार जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली मांडला. शब्दांच्या वितरणावरून त्यांच्या अर्थसाम्याचा शोध घेण्याची दिशा झेलिग हॅरिस यांनी १९५४ सालीच दाखविली होती. शब्दांची सोबत आकड्यांत मांडणारी एक संगणकीय पद्धत २०१३ साली पुढे आली आणि लवकरच ती गाण्यांनाही लावण्यात आली. तेथे श्रोत्याने एकामागून एक ऐकलेली गाणी हे जणू वाक्य, आणि प्रत्येक गाणे हा त्या वाक्यातील शब्द.

ह्या पद्धतीचे सामर्थ्य उघड आहे. ज्याला रागाचे नाव माहीत नाही त्यालाही ती त्याच रागाच्या आसपास नेऊन सोडते. परंतु तिची मर्यादाही त्याच तत्त्वातून निघते. जो शब्द कोशकाराच्या संग्रहात एकदाच आला, त्याचा अर्थ सोबतीवरून ठरविता येत नाही. तद्वत जे गाणे फार थोड्यांनी ऐकले, त्याला सोबत नसते, आणि सोबत नाही म्हणून ते कोणाला सुचविले जात नाही, आणि सुचविले जात नाही म्हणून त्याला सोबत मिळत नाही. हे चक्र यंत्र आपण होऊन भेदील, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

४

म्हणून श्रोत्याने स्वतःच्या आवडीचे पृथक्करण स्वतः करणे अगत्याचे ठरते. एखाद्या भाषेतील अर्थभेदक ध्वनी ठरविताना आपण 'काम' व 'घाम' अशी जोडी घेतो. बाकी सर्व तसेच ठेवून एकच घटक बदलतो आणि फरक कोठे पडला ते पाहतो. आवडीच्या बाबतीतही हीच कसोटी उपयोगी पडते. 'मला हे गाणे आवडते' ह्या विधानात निदान सहा घटक असू शकतात : आवाज, चाल किंवा राग, ताल व लय, शब्द, वाद्यमेळ आणि प्रसंग. ह्यांपैकी आपल्याला नेमके काय धरून ठेवते हे बहुतेकांना सांगता येत नाही. ते जाणण्याचा उपाय म्हणजे एका वेळी शक्य तो एकच घटक बदलणे.

उदाहरण म्हणून अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांनी गायिलेले मंगेश पाडगावकरांचे 'शुक्रतारा' घेऊ. त्याचे संगीतकार श्रीनिवास खळे. संगीतकार कायम ठेवून गायक बदलला की आपण लता मंगेशकरांनी गायिलेल्या तुकोबांच्या अभंगांपाशी येतो. त्याच संगीतकाराच्या हिंदी भजनांच्या संग्रहात लताबाईंबरोबर भीमसेन जोशी भेटतात. आता भीमसेनांचा आवाज धरून ठेवावा आणि भजनाच्या जागी ख्याल ऐकावा. तेथून घराणे कायम ठेवून गायक बदलला तर त्यांचे गुरू सवाई गंधर्व, गुरुभगिनी गंगूबाई हनगल आणि त्यांच्याही मागे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) अशी वाट उघडते. भावगीतापासून किराणा घराण्यापर्यंतचा हा प्रवास पाचसहा पावलांचा आहे. प्रत्येक पावलाला मागचा एक दुवा हातात आहे. ज्या पावलाला गोडी संपली, त्या पावलाला जो घटक बदलला तोच आपल्या आवडीचा भेदक घटक होय. आवाज बदलताच रस गेला, तर आपण आवाजाचे रसिक. शब्द जाताच गेला, तर कवितेचे.

येथे एक पथ्य पाळावे लागते. पहिल्याच श्रवणात निर्णय देऊ नये. रॉबर्ट झायन्स ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखविले की एखादी गोष्ट वारंवार समोर आल्यानेच तिच्याविषयी अनुकूलता वाढते. परकी भाषा प्रथम कानावर पडते तेव्हा शब्द कोठे संपतो हेही कळत नाही. नव्या संगीताचेही तसेच आहे. तीनचार वेळा ऐकूनही मन लागले नाही, तर मात्र ते खुशाल बाजूला ठेवावे.

५

आता वसईच्या प्रश्नाकडे वळू. ह्या तालुक्यात सामवेदी, वाडवळी, कोळी, वारली अशा बोली शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) सामवेदी, वाडवळ, वारली ही नावे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोली म्हणून आली आहेत. २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे. ह्या बोलींत लग्नप्रसंगी व सणासुदीला म्हणावयाची गाणी आहेत. ख्रिस्ती समाजाच्या लग्नात ब्रास बँडही वाजतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत लोकभाषेला स्थान मिळाले आणि येथील चर्चमध्ये मराठी भक्तिगीते रूढ झाली. पूर्वेकडे डोंगराच्या बाजूस दुध्या भोपळ्याचा व बांबूचा तारपा वाजतो. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यामुळे तो जिल्ह्याबाहेरही ऐकला गेला. इतकी विविधता थोडक्या मैलांत असूनही, विरारच्या नव्या वसाहतीत राहणाऱ्या एखाद्या तरुणाला ती ठाऊक असेलच असे नाही. बोलीभाषकांच्या घरांतील नवी पिढी प्रमाण मराठीत वा इंग्रजीत शिकते, आणि गाणे मात्र बोलीबरोबरच आजीच्या पिढीत राहते.

अशा गाण्याचा शोध दोन ठिकाणी अडतो. पहिली अडचण सोबतीची. 'कोळीगीत' हा शब्द घेऊन शोध केल्यास शांता शेळके यांनी लिहिलेले व हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेले 'मी डोलकर' यासारखी विख्यात गीते प्रथम पुढे येतात. त्यांचे मोल कमी नाही. पण अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या लग्नघरात बायका काय गातात हे ऐकू इच्छिणाऱ्याला तेच नाव उपयोगी पडत नाही. एकाच संज्ञेखाली दोन निराळे प्रकार आल्याने प्रसिद्ध प्रकार अप्रसिद्धाला झाकून टाकतो.

दुसरी अडचण नावाची. सामवेदी बोलीला कोणी 'कादोडी' म्हणतात, कोणी समाजाच्या नावावरून 'कुपारी' म्हणतात. रोमन लिपीत तर प्रत्येकाचे लेखन निराळे. एकाने एका नावाखाली ठेवलेले गाणे दुसऱ्या नावाने शोधणाऱ्याला सापडत नाही. जुन्या नाट्यपदावर जशी चालीची ओळ असे, तशी ओळ ह्या गाण्यांवर कोणी लिहिलेली नाही, हे त्यांच्या अदृश्यतेचे साधे कारण आहे. ती ओळ लिहिणे हे भाषेच्या विद्यार्थ्याचे काम होय.

त्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. ध्वनिमुद्रण करताना गाण्याचे आरंभीचे शब्द, गाव, प्रसंग व विधी, बोलीची प्रचलित असलेली सर्व नावे, चाल दुसऱ्या कोणत्या गाण्याशी जुळते ह्याविषयी गाणाऱ्यांचे मत, वाद्ये आणि मुद्रणाची तारीख एवढी नोंद देवनागरीत करावी. गाणाऱ्या स्त्रियांची संमती घ्यावी, आणि ती केवळ मुद्रणापुरती आहे की प्रसारणालाही आहे हे स्पष्ट विचारावे. काही गाणी घरापुरतीच असावीत असे त्यांना वाटले तर तो त्यांचा अधिकार आहे. चालीविषयीचे मत विशेष महत्त्वाचे, कारण 'ही अमक्या गाण्याची चाल' असे म्हाताऱ्या माणसाने सांगितले की एकाकी गाण्याला पहिला सोबती मिळतो.

६

सारांश, आवडीचे नवे संगीत सापडण्याचे मार्ग तीन : यंत्राने दाखविलेली सोबत, माणसांनी नोंदविलेली चाल, आणि श्रोत्याने स्वतः केलेले आवडीचे पृथक्करण. पहिला मार्ग सुलभ आहे, पण तो रुळलेल्या रस्त्यांवरूनच नेतो. दुसरा व तिसरा श्रमाचे आहेत. तथापि ज्यांना अद्याप रस्ता नाही अशा ठिकाणी तेच पोहोचतात. अब्दुल करीम खाँ यांची जुनी ध्वनिमुद्रिका आज न ऐकली तर पुढच्या वर्षीही ऐकता येईल. वसईच्या एखाद्या वाडीतील लग्नाचे गाणे ज्या दोघीतिघींना पाठ आहे, त्यांच्या बाबतीत मात्र हा भरवसा देता येत नाही. रसिकाने शोध कोठूनही आरंभावा. अभ्यासकाने तो येथून आरंभणे उचित होईल.