सायकल घेऊन दिली, चालवायला कोण शिकवणार?

ईदला मुलाला सायकल घेतली की घरात दोन दिवस आनंद असतो. तिसऱ्या दिवशी अम्मी बजावते, "गल्लीच्या बाहेर न्यायची नाही हं!" मग सायकल जिन्याखाली उभी राहते, टायरमधली हवा जाते आणि एक दिवस भंगारवाला ती घेऊन जातो. मुलगी असेल तर एवढेही होत नाही, कारण तिच्यासाठी सायकल घेतलीच जात नाही.

आमच्याकडची एक मुलगी सातवी चांगल्या गुणांनी पास झाली. आठवीची शाळा रेल्वे लाइनच्या पलीकडे, अंतर तीन किलोमीटरही नाही. रिक्षाचे रोजचे पैसे घराला परवडत नव्हते आणि तिला एकटीला चालत पाठवायला कुणी तयार नव्हते. जूनमध्ये तिचे नाव कुठल्याच पटावर नव्हते. आम्ही घरी गेलो, तेव्हा तिचे अब्बा म्हणाले, "सर, मुलगी हुशार आहे, पण रस्ता आमच्या हातात नाही."

त्यांचे काय चुकले? उल्हासनगर ते बदलापूर हा रस्ता आपण रोज बघतो. एमआयडीसीचे ट्रक, शेअर रिक्षा, उलट्या बाजूने येणारे दुचाकीस्वार, पावसाळ्यात पाण्याखाली गेलेले खड्डे. त्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापुरात लहान मुलींबाबत जे घडले, त्यानंतर पालकांची भीती आणखी वाढली आहे.

पण दुसरी बाजूही बघू या. उल्हासनगर शहर जेमतेम १३ चौरस किलोमीटरचे आहे. अंबरनाथ आणि बदलापूर या स्टेशनांत सुमारे ८ किलोमीटरचे अंतर आहे. आपल्या बहुतेक मुलांची शाळा, मदरसा, शिकवणी हे सारे सायकलच्या टप्प्यात आहे. फक्त सायकल शिकवण्याचे काम आपण नशिबावर सोडले आहे. मोठा भाऊ मागून कॅरियर धरतो, मध्येच सोडतो, मूल दोनदा पडते आणि 'आली सायकल' असे आपण म्हणतो. त्याला आलेला असतो तो फक्त तोल. रस्त्यावर चालवणे हा वेगळा धडा आहे.

इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांना हा धडा तीन पायऱ्यांत देतात. पहिली पायरी मैदानावर, दुसरी शांत रस्त्यावर, तिसरी वर्दळीच्या रस्त्यावर. रस्त्यावर नेताना एका प्रशिक्षकामागे साधारण सहाच मुले असतात. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेतली मुले रस्त्यावर सायकल चालवून वाहतुकीची परीक्षा देतात.

आपल्या देशातही उदाहरणे आहेत. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया शिकल्या. त्यांत मुस्लिम बायका-मुलीही होत्या आणि त्यांनी लोकांचे टोमणेही ऐकले. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. अभ्यासकांनी नंतर मोजले, तर माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली होती आणि मुलगा-मुलगी यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली होती. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळणे महत्त्वाचे आहेच, पण ती रस्त्यावर नेण्याचे शिक्षण त्याहून कमी महत्त्वाचे नाही.

चांगले शिक्षण म्हणजे काय? पहिल्या दिवशी पेडल काढून ठेवावेत आणि सीट इतकी खाली करावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. मूल पायाने ढकलत मैदानभर फिरते आणि न पडता तोल येतो. मग पेडल लावायचे. त्यानंतर ब्रेक. दोन्ही ब्रेक एकत्र दाबून आखलेल्या रेषेवर थांबता आले पाहिजे. मग एका हाताने सायकल धरून दुसऱ्या हाताने वळण्याची खूण करणे आणि सायकल वाकडी न होऊ देता मागे वळून बघणे. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे आणि जीव वाचवणारेही तेच आहे.

मैदानावर हे जमले की शांत गल्ली. डाव्या बाजूने चालायचे, पण गटाराला चिकटून नाही. उभ्या गाडीपासून तिचे दार उघडेल एवढे अंतर सोडायचे. ट्रकच्या डाव्या अंगाला कधी घुसायचे नाही, ड्रायव्हरला आपण दिसत नाही. पाणी साचले असेल तर उतरून चालायचे. निघण्यापूर्वी रोज तीन गोष्टी बघायच्या : हवा, ब्रेक, चेन. मुलींच्या सायकलला पूर्ण चेनकव्हर हवे आणि दुपट्टा किंवा बुरख्याचा घेर चाकात जाणार नाही असा आवरलेला हवा. पोशाख सायकलच्या आड येत नाही. सैल सुटलेले कापड येते.

मुलींना शिकवायला शिक्षिका असावी. प्रत्येक वर्गाला दोन मोठी माणसे हजर असावीत आणि पालकांना केव्हाही येऊन बघता यावे. भीतीवर हाच इलाज आहे.

काही बुजुर्ग विचारतील, मुलींना हे कशाला? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे आपण हदीसमध्ये वाचतो. रस्त्याचाही हक्क असतो, आपल्यामुळे कुणाला त्रास होऊ नये, हेही त्यांनीच शिकवले. म्हणून रस्त्याचे नियम पाळायला शिकणे हा दीनपासून वेगळा विषय नाही.

याला मोठा खर्च लागत नाही. एका शाळेला दहा जुन्या सायकली पुरतात. जिन्याखाली पडलेल्या सायकली गोळा करा, मोहल्ल्यातला पंक्चरवाला त्या उभ्या करून देईल. शाळेचे किंवा मशीद ट्रस्टचे मैदान रविवारी दोन तास मिळाले तरी चालेल. दहा रविवारांत एक तुकडी तयार होते. हेल्मेट आळीपाळीने वापरता येतात. आणि ज्या घरात बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात अब्बांची स्कूटर जाते, तिथे आधी ती काढून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

त्या मुलीची धाकटी बहीण यंदा सहावीत आहे. तिच्या आठवीला अजून दोन वर्षे आहेत. तेवढ्यात दहा रविवार सहज निघतील. पहिल्या रविवारी तिच्या अब्बांनाही मैदानावर बोलवायचे आम्ही ठरवले आहे. सायकलची सीट त्यांनीच खाली करून द्यावी, असे आम्हाला वाटते.